पाहुणा पाणी प्यायला नाही

एल्मिना, रविवार

चिरंजीव फीफीस अराबाताईचे आशीर्वाद. हॅम्बुर्गच्या थंडीत तुझी छाती कशी आहे? आईचे डोळे आता पूर्ण गेले, जीभ मात्र शाबूत आहे. मी बरीच असते, नसून सांगते कुणाला!

तू धाडलेले उलरिखसाहेब मंगळवारी येऊन गेले. (मंगळवारी समुद्राला विश्रांती, होड्या निघत नाहीत, त्यामुळे तमाशा बघायला अख्खी गल्ली हजर.) हातात तू लिहिलेलं पुस्तक, घानाची रीतभात आणि प्रवाशांची सुरक्षितता. अकरा वर्षं इकडे फिरकला नाहीस, पण माहिती केवढी रे बाबा! उजवा हात सतत पाकिटावर ठेवा, असं तू लिहिलंस. म्हणून त्या भल्या माणसानं सगळ्यांपुढे डावा हात केला, शेजारच्या बेंटसिल नानांपुढेसुद्धा! नाना म्हणाले, "अराबा, हा भांडायला आलाय का? तसं सांग, चपला काढून ठेवतो."

आई सकाळपासून ठेवणीतलं कापड नेसून बसलेली, फीफीचा निरोप येणार म्हणून. मी पाणी दिलं. साहेब हसले आणि पान नऊ दाखवलं: घरातलं पाणी पिऊ नका. बंद बाटली आणली, तर पान दहा: बाटल्या पुन्हा भरतात. आता पाहुणा पाणी प्यायल्याशिवाय वडीलधाऱ्यांनी "काय निरोप आणलात?" विचारायचं नाही, हे तू विसरलास? आणि पान चारवर लिहिलंस, वडीलधाऱ्यांनी विचारल्याशिवाय बोलू नका. (हे मात्र बरोबर लिहिलंस, मेल्या!) दोघं दोन तास समोरासमोर गप्प. आई मधून मधून विचारी, "प्यायला का गं? गरम असेल, दुसरं आण." चार पेले झाले. चार वाजता साहेब उठले, कारण अंधाराआधी हॉटेल गाठायचं होतं. मी गाडीपाशी गाठून निरोप विचारला, तर म्हणाले, "फीफी फार कामात असतो." आत येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "रस्त्यावरची बातमी मला नको," आणि ठेवणीतलं कापड सोडून त्याची घडी घालायला लागली. फीफी, इतका संताप आला की तू समोर असतास तर थोबाडीत दिली असती.

तुझी,
अराबाताई

ता. क. डॉक्टर म्हणतात, आई ईस्टरपर्यंत काढेल. पुढचं विचारलं की औषधाची चिठ्ठी लिहायला लागतात. निरोप्या नको, तू ये.

आणखी एक. साहेब पाणी का प्यायले नाहीत ते रात्री सांगितलं, तर आईनं विचारलं, "माझ्या घरचं पाणी पिऊ नये, असं कुणी लिहिलं गं?" मी म्हटलं, "आहे कुणीतरी परका." खोटं बोलले असं काही मला वाटत नाही.