एकशेवीस डाव्या बाह्या

४ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही, कारण लिहायची लाज वाटत होती. दादा, मी साठ कोटांचं कापड नासवलं. एकोणीस वर्षं कटिंगच्या टेबलावर उभी आहे. कापडाचा एक थर सुलटा, त्यावर दुसरा उलटा, ही हाताची सवय. मग बाहीच्या मापाचा एकच पुठ्ठा दोनदा ठेवून कापला तरी निम्म्या बाह्या डाव्या निघतात, निम्म्या उजव्या. या वेळी कापड मखमलीसारखं लवदार होतं. लव लवेत अडकून थर सरकतात, म्हणून साठही थर सुलटेच घातले. अशा वेळी दुसऱ्यांदा पुठ्ठा उलटून ठेवायचा असतो. नव्या मुलींना हे मीच शिकवते, आणि मीच तो न उलटता कापायचं मशीन फिरवलं. एकशेवीस बाह्या निघाल्या, सगळ्या डाव्या. तसलं कापड आता कुठे मिळतही नाही.

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवून पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मशीन धरलं तर हात इतका लटपटला की पातं कापडाला टेकेना. तेव्हापासून बटणं लावते आहे. मार्चअखेरपर्यंत थांबते, मग दुसरा कटर बघावा लागेल, असं बाई म्हणाल्या. मला दुसरं काही येत नाही, दादा. जे येत होतं तेही खरंच येत होतं का, अशी शंका दिवसभर खाते.

लोभ असू दे. दुसऱ्या कुणाकडे मागायला तोंड नाही.
बारकी

११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. खोटं कशाला बोलू, मला हसू फुटलं. गिऱ्हाईकाच्या गालावर साबण लावून ठेवला होता, तो वाळून गेला. काय झालं म्हणून त्याने विचारलं, तर मी ठोकून दिलं की बहिणीकडे एकशेवीस डाव्या बाह्यांची ऑर्डर आली आहे. कुणाची, असं त्याने विचारलं आणि मी अडकलो. न्हाव्याने गोष्ट अर्धी सोडली तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही.

तेव्हा उलटटपाली कळव, या बाह्या कुणी मागवल्या? तुला काय अवघड! शाळेला कावीळ झाली आहे, असं सांगून तू दोन दिवस घरी बसली होतीस आणि आईला ते पटलंही होतं.

तब्येतीला जप, वेळेवर जेव.
तुझा दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार आहेच, पण रागही आहे.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. इथे माझ्या जिवावर बेतलंय आणि तुला गोष्टी सुचताहेत! काल कटिंगचं टेबल टाळायला मी मागच्या दाराने आत गेले. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. आरशात बघते आणि वाटतं, या बाईच्या हाती लोकांनी कापड दिलंच कसं.

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. बटणं लावताना तुझा तो साबण वाळलेला माणूस डोक्यातून जाईना. तर त्याला सांग, एक गाव आहे. तिथे सगळ्यांचे दोन्ही हात डावेच. त्यामुळे चूक झाली की दुसऱ्या हातावर ढकलायची सोय नाही. त्या गावात साठ माणसं कुडकुडत हिंडतात, कारण त्यांच्या अंगाला बसेल असा कोट आजवर कुणी कापलेलाच नाही. पुढचं मला ठाऊक नाही.

रागावू नकोस.
बारकी

२७ फेब्रुवारी

चि. बारकीस, आशीर्वाद.

दुकानात नुसता धुमाकूळ चाललाय! पेन्शनर मास्तर म्हणतात, दोन डाव्या हातांनी टाळी वाजणार नाही. कंत्राटदार म्हणतो, वाजेल, आणि वस्तऱ्याखाली बसूनच वाजवून दाखवायला लागला. शेवटी शेजारच्या चष्मेवाल्याने नवीच पाचर मारली. त्या गावात एखादी बाई उजवा हात घेऊन जन्माला आली असेल, तर तिचा कोट कोण कापणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगतो.

आता माझी अब्रू तुझ्या हातात.
दादा

२२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ती उजव्या हाताची बाई एका कटरणीकडे आली. कटरणीने तीन आठवडे तिला दारातूनच परत पाठवलं, हात लटपटतो म्हणून. इथवर लिहायला जमलं. मग कटरीण मशीन उचलते, आणि त्यापुढचं वाक्य काही केल्या येईना. पाच वेळा पान फाडलं. बोटं कुठे टेकतात, श्वास कधी धरायचा, काही आठवेना. एकोणीस वर्षं जे केलं ते मला सांगता येत नव्हतं. फार रडले.

काल जेवणाच्या सुट्टीत कटिंगच्या खोलीत कुणी नव्हतं. उरल्यासुरल्या कापडाचे चार थर सुलटे घातले, वाक्य कसं लिहायचं ते बघायला. मशीन सुरू केलं. हात लटपटला. मी मनात म्हटलं, तिचा हात लटपटला. कोपराच्या वळणावर तिने श्वास धरला. मग तिने पुठ्ठा उलटला. टोकाला पोचले तेव्हा कळलं, की कापून झालंय.

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बाह्या जुळवून बघितल्या, डावीला उजवी. उद्या पंचवीस कोटांचं कापड टाकते, एवढंच म्हणाल्या. भीती गेलेली नाही, दादा. हात अजून लटपटतो, पण कापतो. मास्तरांना आणि कंत्राटदाराला आधी कळव.

तुझ्या आशीर्वादाची,
बारकी

२९ मार्च

चि. बारकीस, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता खरं सांगतो. साबण वाळलेला तो माणूस नाही, मास्तर नाहीत, कंत्राटदार नाही, चष्मेवालाही नाही. नोव्हेंबरात एका गिऱ्हाईकाच्या गळ्याला माझा वस्तरा लागला. त्याची जखम चार दिवसांत भरली. त्यानंतर माझा हात कुणाच्या गळ्याजवळ जाईना. दुकान तेव्हापासून बंद आहे. रोज सकाळी येतो, अर्धं शटर ओढतो आणि आपल्याच खुर्चीत बसून राहतो. तुला उत्तर लिहायचं म्हणून ती माणसं बोलावली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, तशातली गत.

तू तुझ्या वाक्यापर्यंत पोचलीस. मला माझं सापडत नाही. पुढच्या सोमवारी एक जण खुर्च्या विकत घ्यायला येतो आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार समक्ष करीन.

तुझ्यावर रागवायला सवड नाही, टेबलावर कापड पडलंय. पण मास्तर नाहीत हे मला मान्य नाही. त्या टाळीवरून मी त्यांच्याशी आठवडाभर मनात भांडले आहे.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. घ्यायला येऊ नकोस, दुकानात थांब आणि शटर पूर्ण वर कर. लहानपणापासूनची ही वेणी मला मानेपर्यंत कापून टाकायची आहे. बायकांचे केस कापता येत नाहीत, ही सबब चालणार नाही. केस वाढतात, कापड वाढत नाही, तेव्हा तुझं काम माझ्याहून सोपं आहे. हात लटपटला तर ज्याच्या दुकानात नसलेली माणसं येऊन बसतात, अशा न्हाव्याची गोष्ट मला सांग. मी हलणार नाही.

आणि मानेवरचे बारीक केस वस्तऱ्यानेच काढायचे, कात्रीने नाही.

तुझी बारकी