तुला दिवस गेले नव्हते, माय

माय, तुझा आजार काय होता ते मला कळलं आहे. ऐकायला तू नाहीस, आणि ज्यांनी ऐकायला हवं ते कान देत नाहीत, म्हणून लिहिते. गळ्यात, कंठाच्या जरा खाली, थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीराची ऊब, चाल, जाग सगळी तिच्यावर अवलंबून. तुझी ग्रंथी काही वर्षं हळूहळू मरत गेली आणि तिच्यामागून तू गेलीस. तू आळशी नव्हतीस. सोंगाडी नव्हतीस. आणि तुला दिवस गेले नव्हते.

अनसिंगचं आपलं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. चैत्र सरत आलाय, टिनं तापली आहेत, आणि तू चुलीला चिकटून, अंगावर घोंगडी घेऊन भाकरी थापते आहेस. बोटं सुजली आहेत. एक भाकर तव्यावर टाकलीस की दुसरीचं पीठ हातात घेऊन बसून राहतेस, जणू पुढं काय करायचं ते कोणीतरी सांगायला हवं. आत्याबाई, म्हणजे बाबांची विधवा बहीण, दारातून बघते आहे. घर तिच्या हातात होतं. कोणती बाई कोणत्या दिवशी बाहेर बसते हे आपल्याकडं सगळ्या घराला ठाऊक असायचं. तिचं पाणी वेगळं, अंथरूण वेगळं, लपवायला जागाच नव्हती. तू कित्येक दिवसांत बाहेर बसली नव्हतीस. चेहरा भरला होता, दिवसा झोप येत होती. आत्याबाईनं हिशेब केला.

"काय वं, सांगत काहून नाईस? आमी काय नजर लावतो का तुह्या लेकराले?"

"मले तसं नाई वाटत, बाई," तू म्हणालीस.

"तुले कायचं वाटते! दोन पोरी झाल्या तरी तुले आमीच सांगाव का?"

शेजारच्या बायका हसल्या. तूही हसलीस, थोड्या उशिरानं. मग हिरवी चोळी आली. ओटी भरायच्या दिवशी ती तुझ्या दंडावर चढेना, शिवण उसवली, आणि बायकांना त्याचाच आनंद. "पोरगाच हाय, माय वं, पाह्य कशी भरली!" मी भाऊ येणार म्हणून गावभर सांगत फिरले. तू पाटावर बसली होतीस, मांडीवर नारळ, आणि तुझे डोळे मिटत होते.

दिवस भरत आल्यावर सुईण आली. तिनं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि हात पुसत म्हणाली, "इथं लेकरू नाई, बाई. नुसतं अंग हाय." मग हे अंग का सुजलं, असा प्रश्न त्या घरात एकाही माणसाला पडला नाही. हे मला अजून समजत नाही. आत्याबाईचा आवाज वाड्यावस्तीत गेला: "लेकराच्या नावानं राणीवानी झोपली! डोहाळे पुरवले आमी, डोहाळे!" मी मध्ये पडले. मायनं आधीच नाही म्हटलं होतं, मी ऐकलं होतं, असं ओरडले. थोबाडीत तू मारलीस मला. "मोठ्याच्या मधात तोंड घालू नको." दुसऱ्या दिवशी माझी वेणी घालताना म्हणालीस, "मी हावोच आळशी. तू माह्यावानी नको होऊ." आत्याबाईचं बोलणं मी कधीच सोडून दिलं. हे वाक्य सोडता आलेलं नाही. मरत असलेल्या ग्रंथीला तू स्वभाव म्हणालीस आणि त्याची मला शिकवण दिलीस.

पौषातल्या थंडीत तू उठली नाहीस. अंग गार, श्वास इतका सावकाश की आहे की नाही कळू नये. दोन दिवस सगळे म्हणत होते, झोपू द्या, तिले सवयच हाय. नंतर म्हणाले, झोपेत गेली, सुखाचं मरण आलं. मामांनी मला नागपूरला नेलं, शिकवलं, आणि मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथं एकदा अशीच एक बाई आणली गेली. तेच गार हात, तेच सुजलेले डोळे, भुवयांची बाहेरची टोकं झडलेली. आमच्या डॉक्टरांनी दारातूनच आजाराचं नाव सांगितलं. दारातून, माय. यावर मेंढीच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या गोळ्या मिळतात. त्या केव्हापासून मिळतात ते मी जुन्या पुस्तकांत पाहिलं. माझ्या जन्माच्या आधीपासून. तू घोंगडी पांघरून भाकरी थापत होतीस तेव्हा त्या औषधाच्या दुकानात होत्या.

मागच्या वैशाखात मी रिसोडला ताईकडं, तुझ्या थोरलीच्या सासरी, गेले. ती अंगणात, भर उन्हात, शाल घेऊन बसली होती. तिची सासू मला बघून म्हणाली, "या डॉक्टरीणबाई! झोपेचं औषध तर सारेच देतात, तुमी हिले उठाचं द्या." आणि मग जवळ येऊन, हलक्या आवाजात: "अंग भरलं तिचं. बाहेर बी नाई बसली. ओटी भराव म्हणतो आमी." मी डॉक्टर नाही, रक्त तपासणारी आहे, हे त्यांना पुष्कळदा सांगून झालं होतं. मी ताईला बाजेवर गुडघे टेकून बसवलं, पावलं कडेबाहेर, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हाताच्या कडेनं ठोकलं. पाऊल झटक्यानं हललं आणि परत येताना रेंगाळलं, जसं पाण्यातून येतंय. बहुतेक तेवढ्यानंच कळतं. मी म्हटलं, ओटी भरू नका, हिला नागपूरला नेते.

"पेरणीच्या आधी यीन ना थे?" भावजींनी, ताईच्या नवऱ्यानं, विचारलं. एवढंच विचारलं.

नागपुरात तिला उपाशीपोटी निजवून, नाकाला चिमटा लावून यंत्रात श्वास घ्यायला लावला. शरीर किती जळतं ते त्यात मोजतात. तिचं फार कमी जळत होतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मी स्वतः काढलं, ते खूप वाढलेलं होतं. आमच्या डॉक्टरांना अलीकडं विलायतेत निघालेली एक चाचणी करून बघायची होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीचा अर्क आणि ताईच्या रक्तातून वेगळं काढलेलं पाणी, म्हणजे सीरम, दोन्ही आम्ही एका थाळीत गोठवलेल्या अगरच्या जेलीत शेजारी शेजारी ठेवलं. काही दिवसांनी दोहोंच्या मध्ये एक पांढरी रेघ उमटली. तिचा अर्थ असा, की ताईचं रक्तच या ग्रंथीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतंय. हा आजार पुष्कळदा एकाच घरातल्या बायकांत दिसतो. तुझं रक्त तपासलेलं नाही, पण ताईची रेघ पाहिल्यावर मला तुझ्याबद्दल शंका उरली नाही. डॉक्टरांना नवल वाटत होतं, शरीर आपल्याच भागाला परकं कसं करतं याचं. मला वाटलं नाही. मी आपलं घर पाहिलं होतं.

गोळ्या घेऊन रिसोडला गेलो तेव्हा सासूबाईंनी पुडी हुंगली. त्या माळकरी. "कायची हाय वं?" मी खोटं बोलत नाही. मेंढीची, म्हटलं. त्या पुडी टाकून देणार एवढ्यात भावजी म्हणाले, "माय, हे तिच्या तोंडात जाते, तुह्या नाई. अन् मेंढरू बी खाऊन चालाले लागली तं आपलंच काम होते." सासूबाईंनी जरा अडून पाहिलं, पण शेवटी पुडी देवळीत गेली. पावसाळ्यात ताईची सूज उतरली. दिवाळीत ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठायला लागली. सासूबाई आता गावभर सांगतात, नागपूरच्या पोरीनं आमची सून कामाले लावली. आजार कोणाच्या तोंडी नाही.

बाबा गेल्या महिन्यात माझ्याबरोबर तिच्याकडं आले. तुझ्याविषयी ते बोलत नाहीत. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं होतं, ते म्हणाले, "झालं ना आता." आम्ही ओसरीवर बसलो होतो. ताईनं आतून विचारलं, "बाबा, च्यात साखर घालू का गूळ?" बाबांचा हात तंबाखू मळता मळता थांबला. मग ते भिंतीकडं बघत म्हणाले, "हा तुमच्या मायचा आवाज हाय. बिमार पडाच्या आधीचा."

या आजारात आवाजही जाड होतो, खरखरतो. मला ठाऊक होतं, मी ते लिहून पाठ केलं होतं. तुझा मी ऐकला तो जाडच, आणि इतकी वर्षं मी त्यालाच तुझा धरून होते.

कागद इथंच ठेवते, पाठवायला पत्ता नाही. ताईची गोळी किती, हे कधीच ठरून गेलंय. त्यासाठी मी जायची गरज नाही. तरी अकोल्यापर्यंत गाडी, तिथून वाशीम, पुढं एसटी, असं करत जाते. तपासायला आले म्हणते. ओसरीवर बसते. ती आतून काही विचारते, आणि मी पहिल्यांदा उत्तर देत नाही, म्हणजे ती पुन्हा विचारते.