जिभेचं हाड

५ फेब्रुवारी, सोमवार
साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं सांगलीत उतरले. माधवनगरला आक्काताईंच्या घरातली मागची खोली मिळालीय. पूर्वेला खिडकी आहे, नळाला पाणी आहे, आणि दारात आक्काताई आहेत. कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवताच त्यांनी ताटलीभर भडंग पुढे केला आणि पाच मिनिटांत माझं वय, जात, लग्न का नाही, सगळं काढून घेतलं. जेवायला आमच्यातच यायचं, लाजायचं न्हाई, म्हणाल्या. इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

उद्यापासून सराफ पेठेत जयराजशेठच्या पेढीवर खडे तपासायची नोकरी. रत्नपरीक्षा मी शिकले ती या एका माणसासाठी. बावीस वर्षांपूर्वी माझी आज्जी, वडिलांची आई बनुबाई, माझ्या आईची ठुशी घेऊन याच्याकडे आली होती. ठुशीतला मधला लाल खडा आईच्या माहेरचा, सगळे त्याला माणिक म्हणायचे. शेठनं भिंग लावलं, काच हाय म्हणाला, तो काढून ठेवून घेतला आणि दुसरा बसवून दिला. आज्जीनं गावभर केलं की सुनेनं खरा विकून खोटा बसवला. वडील फौजेत, लांब. भावकी बसली आणि आई चोरटी ठरली. मला घेऊन ती साताऱ्याला मामाकडे परत आली आणि तिनं बोलणंच सोडलं. दोन वर्षं, मरेपर्यंत, एक शब्द नाही.

नोकरी हे निमित्त आहे. मी सूड घ्यायला आलेय. लिहून टाकलं, मोकळं वाटलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार
शेठ साठीचा, तोंडाचा गोड. पोरी, पोरी म्हणतो. माझं आडनाव वाचूनही त्याला काही आठवलं नाही. कापलेल्या कोंबड्या कसाई कुठं लक्षात ठेवतो!

आज त्यानं स्वतःच्या खणातून एक डबी काढली. हे बग जरा, मुंबईचं यापारी लय मागं लागल्यात, म्हणाला. झाकण उघडलं तर आत लाल खडा. कडेला कणीएवढा टवका. आईच्या मांडीवर पडून मी त्याच टवक्यावरून बोट फिरवायचे.

दोन खिडक्यांच्या भिंगातून पाहिला. माणिक एका खिडकीत एक लाल दाखवतो, दुसऱ्या खिडकीत वेगळा. यानं दोन्हीकडे एकच दाखवला. काचही तसंच करते, पण काचेत बुडबुडे असतात, इथं नव्हते. म्हणजे लालडी. माणिक नव्हे, पण अस्सल, खाणीतली, आणि आज चांगल्या माणकाच्या तोडीची. एक तोंडावर, एक पाठीमागं असं तिला जमत नाही. आमच्या आईसारखी.

खिशात घालून निघणं सोपं होतं. पण चोरीचा आळ आमच्या घरात एकदा येऊन गेलाय. मी ती विकत घेणार, पक्क्या बिलानं. आणि बिलावर 'अस्सल' हा शब्द त्याच्याच हातानं लिहून घेणार.

१२ फेब्रुवारी, सोमवार
घेतली! मामानं माझ्या लग्नाला ठेवलेलं सगळं त्यात गेलं. जाऊ दे. शेठनं स्वतः लिहिलं, 'लालडी, अस्सल, नैसर्गिक'. सही केली. मग मी त्याला सांगितलं ही कुणाची.

तो हसला. लाजला नाही, हसला. तवा लालडीला कोन इचारत हुतं पोरी, काच म्हनून बोलून गेलो. मानसाच्या जिभंला काय हाड असतंय व्हय?

मी त्याच्यासमोर लालडी दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली, जिथं ठुशी बसायची तिथं. खरा खडा अंगाला गार लागतो. ही कोमट लागली. उन्हानं असेल.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
शेठ पेढीवर आला नाही. सकाळी उठला तो बोलताच येईना. मिरजेला नेलाय. झटका नाही म्हणतात, नुसती जीभ ताठ झालीय. तोंड उघडलं की दातांवर टक टक वाजते.

देव आहे. आज मी चवीनं जेवले.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
इस्लामपूरच्या पुढं आमचं गाव. भरदुपारी आज्जीसमोर बिल ठेवलं, गळ्यातली लालडी दाखवली. म्हातारी कसली वस्ताद! मी कुटं खोटं बोलले, म्हणाली, शेट बोलला त्ये मी सांगितलं, आनि मेलेल्या मानसाचं आता काय घिऊन बसलीस.

तिनं चहाची बशी तोंडाला लावली आणि टक असा आवाज झाला. चहा हनुवटीवरून लुगड्यावर सांडला. तिनं बोलायचा प्रयत्न केला. टक. टक.

मी समोर बसून पाहत राहिले. पाणीही विचारलं नाही. आईनं दोन वर्षं सोसलं, तू दोन दिवस सोस.

१७ फेब्रुवारी, शनिवार
चुलत बहीण पूजाचा फोन. आज्जीची जीभ लाकडी पळीसारखी झालीय, डॉक्टरनं बोट घालून पाहिलं, आत हाड लागतंय. असं कधी पाहिलं नाही म्हणाला. शेठचंही तेच. पूजा रडत होती. मी ऐकलं, मनातून खूश.

भडंग खाताना दाताखाली टक झालं. शेंगदाण्यात खडा असेल.

१८ फेब्रुवारी, रविवार
तोंडात काही नाही, तरी टक.

आक्काताईंनी विचारलं, दात वाजीवतीस का गं? नाही म्हणाले. अर्धाच निघाला शब्द.

गळ्यातला दोरा सुटत नाही. कात्रीही चालत नाही.

मी का? मी काय केलं? मी तर तिच्यासाठी—

आठवलं. नाही, विसरले कधीच नव्हते. फक्त इथं लिहिलं नव्हतं.

भावकी बसली होती. मामा आईच्या बाजूनं बोलत होता, लोकांनाही पटत होतं. मग आज्जीनं मला मांडीवर घेतलं. सात वर्षांची होते. तुझ्या आईनं खडा बदलला, तू बगितलंस, व्हय का न्हाई?

सकाळी पाटी फोडली म्हणून आईनं मला मारलं होतं. गाल दुखत होता. राग आला होता. वाटलं, आता हिला कळेल.

मी म्हणाले, व्हय.

लेकरू खोटं बोलत न्हाई, म्हणाले सगळे. उठले. आई माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर ती कुणाशीच—

१९ फेब्रुवारी
आता बोलता येत नाही. लालडी तापलीय. शेठ नको होता, आज्जी नको होती. आईला माझ्याच तोंडून खरं हवं होतं—

बोटं ताठ होतायत. आधी करंगळी. लवकर लिहिलं पाहिजे, कुणीतरी वाचलं पाहिजे—

आक्काताई दार वाजवतायत. थांबा—

आई, ऐक. तू खडा बदलला नव्हतास. मी काहीच बघितलं नव्हतं. मी खोटं बो