देवघरातला बॉल

शुक्रवार संध्याकाळ, टार्निट

"त्याने मला सोपा बॉल टाकला नाही, बरं वाटलं." चार वर्षांपूर्वी, त्याच्या शेवटच्या बेसबॉल मॅचनंतर माझा नवरा महेश गाडीत म्हणाला होता. महेशची किमो चालू होती, समोरच्या टीमकडून बॉल टाकणाऱ्या डेव्हला ते माहीत होतं. तरी त्याने तीन बॉलमध्ये महेशला बाद केलं आणि तोच बॉल त्याच्या हातात ठेवला. महेश गेल्यावर तो कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी देवघरात ठेवला.

उद्या डेव्ह आमच्या मैदानावर शेवटचं खेळणार. क्लबने त्याचा सत्कार करावा, असं मी आज मीटिंगमध्ये सुचवलं. कॅप्टन आमचीच लेक, ईरा. सगळ्यांसमोर म्हणाली, "ही'ज नॉट अवर्स, आई."

घरी येताना रडली. "वन ईझी बॉल. दॅट्स ऑल ही हॅड टू डू."

तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत महेश आजारी माणूस नव्हता. नंतर आम्ही सगळेच त्याच्याशी किती सोपं वागलो.

बॉल तिच्या किटबॅगवर ठेवलाय. त्याला कुंकू लागलंय, पुसलं नाही. खाली चिठ्ठी: ईरा, उद्या हा तूच डेव्हला दे.