धनजची वही

दुर्गाताई,

“गोष्ट घेऊन जाय, पण तिच्यावर माहं नाव टाकजो,” असं तू स्वतः लिहिलेली वही देताना म्हणाली होतीस. अठरा वर्षं झाली. ऊसतोडीच्या टोळीतून तू कशी निसटलीस, ते मी माझ्या नावाने छापलं. वही तुला परत केली, ती तू पेटीत जपून ठेवलीस.

गेल्या आठवड्यात मंगरूळपीरच्या कॉलेजात मी एक जुनी फ्रेंच साहसकादंबरी शिकवत होते. कैद्याच्या सुटकेची ती गोष्ट लेखकाची स्वतःची की पोलिसांच्या कागदांतून उचललेली, यावर अजून वाद आहे. तास संपल्यावर सपना नावाची विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, तुमच्या पुस्तकातली सुटका कोणाची वो?”

“कल्पनेतली.”

“त्या फ्रेंचवाल्यानंबी असंच सांगतलं असन!” ती हसली. 

पुस्तकातल्या खुणांवरून तिने आपलं गाव शोधलंय. सोमवारी ती धनजला तुझ्याकडे येणार आहे. नोकरी, नाव, विद्यार्थिनींच्या डोळ्यांतला मान सगळं जाईल, अशी भीती वाटते.

हे पत्र टाकायला मी धजेन असं वाटत नाही. तू खोटं बोलत नाहीस, हेही ठाऊक आहे. तरी विचारते, तिने वही मागितली तर हरवली म्हणून सांगशील?

तुझी धाकटी,
नीलिमा