पहिल्या ऑर्डरचा कोड

७ ऑक्टोबर, मंगळवार

कुकरनं आज परत दगा दिला! रिंग सैल, दांडा हलतो, शिट्टी व्हायच्या आधी सगळी वाफ बाजूनंच. तूरडाळ शिजायला पाऊण तास. आई — म्हणजे सासूबाई — म्हणाल्या, "चिंधी बांध वं त्याले." चिंधी बांधून कुकर लावतात का कुठं!

ठरलं. धनतेरसला नवं भांडं घ्यायचंच असतं, तर यंदा कुकर. पाच लिटर, स्टीलचा. इथल्या दुकानात भाव विचारून आले, चिखलीचा हर्षलकडून काढला. आता ॲपवर बघायचं. पण सवलतीचा कोड मिळाल्याशिवाय घेणार नाही म्हणजे नाही.

हर्षल हसतो — "तुले कुकर नाई पाह्यजे, तुले कोड पाह्यजे." हसू दे नवरोबाला! या घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री, एकही वस्तू मी पूर्ण भावात आणलेली नाही.

८ ऑक्टोबर

कुकर दोन दिवस टोपलीत टाकून ठेवायचा, विकत घ्यायचा नाही. ॲपला वाटतं गिऱ्हाईक निसटतंय, मग ते स्वतःच कोड पाठवतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मीच ओळखलं.

दुपारी शेजारच्या आशाबाई धावत आल्या, फोन माझ्या नाकाला लावून — "पुष्पा, पाह्य! कुकर फुकट देऊन राह्यले!" व्हॉट्सॲपवर आलेली लिंक. आधी दहा जणांना पाठवा, मग कार्डाचा नंबर भरा. मी फोन हिसकूनच घेतला. "अवं बाप्पा, खरा कोड काई मागत नसते! तो नुसता रकान्यात टाकाचा असते." आशाबाईंचं तोंड उतरलं. नऊ जणांना पाठवून झालं होतं म्हणे. बसल्या मग एकेकाला 'उघडू नका' म्हणून सांगत.

मी काही फार शहाणी नाही. दोन वर्षांपूर्वी 'सत्तर टक्क्यांपर्यंत' पाहून चादरी घेतल्या होत्या. त्यातलं 'पर्यंत' वाचलंच नव्हतं. शिवाय कोड लागावा म्हणून दोन उशा जास्तीच्या घेतल्या — त्या अजून माळ्यावर आहेत!

९ ऑक्टोबर

कोड सापडला! चांगला घसघशीत. पण पहिल्या ऑर्डरलाच चालतो. म्हणजे नवा नंबर पाहिजे. माझा तर केव्हाच वापरून झाला. हर्षलचा पंख्याला गेला. बाबांचा — सासऱ्यांचा — मिक्सरला.

उरल्या आई! त्यांचा साधा बटनांचा फोन. ओटीपी तेवढा त्यावर येईल, बाकी सगळं माझ्या फोनवर. हे आधी काऊन नाही सुचलं!

अडचण एकच. तो फोन नावाला आईंचा. असतो कायम बाबांच्या उशाशी. चार्ज तेच करतात, वाजला की तेच उचलतात. आज सकाळी दयारामकाका कसलासा अर्ज भरून घ्यायला आले होते, तर बाबा त्यांच्यावर खेकसत होते — "मु. पो. कुठं हाय? तालुका? जिल्हा? असा कागद हलत नसते, दयाराम!" तहसीलमधून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, ऑफिस काही सुटलं नाही. तेवढ्या वेळात फोन उचलून आणायला हवा होता. हिंमत झाली नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

केलं!

बाबा सोयाबीनच्या मळणीवर गेले. फोन घेतला, ओटीपी आला, ॲप उघडलं. कोड टाकला तर — 'हा कोड आपल्यासाठी उपलब्ध नाही.' तीनदा टाकला. डोकं फिरलं! पण खाली दुसराच कोड चमकत होता : बऱ्याच दिवसांनी आलात म्हणून खास सूट, आज दुपारी बारापर्यंत, आगाऊ पैसे भरले तरच. घड्याळात बाराला सात कमी. अंगणातून बाबांच्या चपला वाजल्यासारख्या वाटल्या. दाबलं बटण, भरले पैसे.

बाबा नव्हते, आशाबाई होत्या.

संध्याकाळपासून एक गोष्ट टोचते आहे. आई तर नव्या गिऱ्हाईक. मग 'बऱ्याच दिवसांनी आलात' कसं काय?

११ ऑक्टोबर

इथंच लिहिते, सांगायला दुसरं कोण आहे.

कुकर कुठवर आला बघायला ॲप उघडलं. पोचवायचा पत्ता — दुसरबीड. दुसरबीड! आणि घेणाऱ्याचं नाव, राखी.

राखीताई. माझी नणंद. चार वर्षांपूर्वी त्या शिकवायच्या त्याच शाळेतल्या मास्तरांशी, अश्वजितरावांशी, लग्न करून गेल्या. जातीबाहेर. बाबांनी त्या दिवशी ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं, "या घरात तिचं नाव काढाचं नाई." नाही काढलं कुणी. हर्षलनं पण नाही. मी नवी सून, मी तर काय काढणार!

आईंच्या नंबरवर आधीच्या तीन ऑर्डरी आहेत. तिन्ही त्याच पत्त्यावर. पाळण्याची मच्छरदाणी. लोकरीचं टोपडं. आणि ऑगस्टमध्ये, चालताना पी-पी वाजणारे बूट.

म्हणजे राखीताईंना मूल आहे. चालतं. इथं मी त्यांचं नावही काढलं नाही, आणि तिथं त्यांचं मूल मला मामी म्हणेल एवढं मोठं होत आलंय!

आईंनी हे एकटीनं केलं. बाबांच्या नाकाखाली. मला एकदम रडूच आलं. आणि मी काय केलं? कोडच्या नादात पत्ता वाचला नाही. इतरांना शिकवत फिरते!

१२ ऑक्टोबर

रद्द करायला गेले. करूनच टाकणार होते — खोटं कशाला लिहू, मला माझा कुकर पाहिजे होता. 'वस्तू रवाना झाली आहे, आता रद्द होणार नाही.'

आता कुकरचं जाऊ दे. तिथं खोकं उघडून राखीताई विचार करतील, हे काय मध्येच? आणि या नंबरवर फोन करतील. उचलणार कोण? बाबा! झालं मग. आईंचा एवढा जपलेला धागा माझ्या हातानं तुटणार. टोपडी बंद, बूट बंद. वरून बाबा आईंना काय बोलतील ते वेगळंच.

पत्त्याखाली सूचना लिहिलीय — 'घर शाळेच्या मागे, कडुनिंबाजवळ. मु. पो. दुसरबीड, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा. कृपया वस्तू सुस्थितीत पोचती करावी.' आईंना सहीपुरतंच लिहिता येतं. कुणाकडून टाइप करून घेतलं? आशाबाई? त्यांच्या पोटात तीळ राहत नाही. मग कोण?

१३ ऑक्टोबर

फोन ज्वारीच्या डब्यात लपवला.

१४ ऑक्टोबर

सकाळपासून बाबा घर उलथून राहिलेत. "हर्षल, तुह्या मायचा फोन कुठं ठेवला बे?" गादी झटकली, देवघर पाहिलं. साध्या फोनसाठी एवढं काय! त्यांना वास लागला की काय? मी पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही. एक पोळी जळली, एक कच्ची.

दुपारी आईंना एकटं गाठलं. "आई, तुमच्या फोनवरून कधी काही मागवलं होतं का?"

"मले हिरवं बटन अन् लाल बटन समजते, माय. मी काय मागवू?"

डोळ्याची पापणी हलली नाही! शेंगा फोडत बसल्या. मी मनात म्हटलं, वा गं सासूबाई. एवढ्या पक्क्या असाल असं वाटलं नव्हतं.

विचारावं का सरळ, नात आहे की नातू? जिभेवर आलं होतं. पण त्यांनी जे एवढं झाकलं ते मी उघडलंय हे कळलं तर त्या लाजेनं मरतील. गिळलं.

१५ ऑक्टोबर

'वस्तू पोचली.' 

डब्यातून दिवसातून दहा वेळा फोन काढून बघते. सांडलेली ज्वारी पाहून आई म्हणाल्या, "उंदरं झाले वाटते."

१८ ऑक्टोबर, धनतेरस

पूजेला नवं भांडं नाही. आईंनी विचारलं तर म्हटलं, कुरिअर लेट आहे, चिखलीत अडकलंय. जुनाच कुकर चिंचेनं घासून पाटावर ठेवला, दांड्याच्या चिंधीसकट. हर्षल म्हणाला, "हाच का तुहा कोडवाला कुकर?" बाबांना जोराचा ठसका लागला. पाणी दिलं. पाण्याचा पेला परत देताना माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना माहीत आहे. नाही, कसं असेल? फोन तर डब्यात. नुसता ठसका.

जीव थाऱ्यावर नाही. रांगोळीचे ठिपके दोनदा चुकले.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. करंज्या बिघडल्या. फोन आला नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

हर्षल चिखलीला चुलतबहिणीकडे ओवाळून घ्यायला गेला. दरवर्षी जातो आणि दरवर्षी येऊन न बोलता झोपतो. बाबा शेताकडे. आई आशाबाईंकडे.

डबा वाजला!

ज्वारीत हात घालून काढला, हॅलो म्हटलं. पलीकडून घाईघाईनं कुणीतरी काही म्हणता म्हणता थांबलं. मग, "कोन? वहिनी?"

चार वर्षांनी ऐकला तो आवाज. मी नुसतं हो म्हटलं.

"वहिनी, कुकर भेटला. मले वाटलं चुकून आला. मंग पाह्यलं तं धनतेरसच्या तोंडावर…" मग म्हणाल्या, "आंदन भेटलं नोतं न मले. लोकायच्या पोरी माहेराहून भांडेकुंडे घेऊन येतात. सासूबाई कधी बोलल्या नाई हो, मीच आपली… हे पह्यलं भांडं हाय माह्या माहेरचं. दुकानातून नाव घालून आनलं त्याच्यावर. किसनरावांकडून चि. राखीस. असंच घालतात न?"

चुकून आलाय, माझा आहे, कोड लावून घेतला होता — यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. कसं निघेल! बाबांचं नाव घातलंय म्हणे त्याच्यावर. बाबांना कळलं तर! मी विचारलं, "बाळ कसं आहे?" मागून पी-पी, पी-पी ऐकू आलं. त्या हसल्या अन् म्हणाल्या, "हेच पाह्य न, घरभर!" मग अंगणात कुणी आल्यासारखं झालं आणि मी लाल बटन दाबलं. दाबल्यावर स्वतःचाच राग आला. काय मेलं भ्यायचं एवढं!

चिंधी बदलली. हाच कुकर चालवायचा आता. कुणाला काही सांगायचं नाही.

फोन बाबांच्या उशाशी परत ठेवला. किती दिवस ज्वारीत ठेवणार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आत्ता, जेवताना. बाबा ताटाकडे पाहतच म्हणाले, "पुष्पा, पाच लिटरचा त्यायले लहान पडते. पाच मानसं हायेत. पुढच्या खेपेले सात लिटरचा पाह्यजो, कोड असला तं. ऑर्डरी माह्या फोनवरबी दिसतात." माझी पोळी तव्यावरच राहिली. "अन् माह्या नंबरवर तू मिक्सर घेऊन टाकला होता, म्हनून मले तुह्या सासूच्या नंबरवरून सुरू करा लागलं. पह्यल्या ऑर्डरची सूट काऊन सोडाची?"

हर्षलचा घास हातात. आई वाढता वाढता थांबल्या. "कोनाइथं पाच मानसं?"

त्यांना खरंच काही माहीत नव्हतं!

"राखीइथं," बाबा म्हणाले. "पोरगी धरून. दीड वर्साची झाली."

आई वाडगं घेऊन तशाच खाली बसल्या. बाबा खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांना फोटो दाखवायला लागले, आणि चष्मा लावूनसुद्धा त्यांना तो सापडेना.