साठ दिवस आणि चाळीस सेंटिमीटर

४ जानेवारी

ती. आत्यास,
तुझ्या टिचकीचा वाकून नमस्कार. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ते तू मान्य करत नाहीस, म्हणून हे पत्र. बातमीच तशी आहे. तुमच्या गावावरून जाणाऱ्या महामार्गाची फाइल माझ्या टेबलावर आली आहे!

आमच्या खात्यात एका रस्त्याची पर्यावरण तपासणी म्हणजे तीन वर्षांची निश्चिंती. आता नवा नियम आलाय. निवडक रस्त्यांची सगळी तपासणी साठ दिवसांत उरकायची. परवा दोन तारखेपासून दिवस मोजायला सुरुवात झाली. टेबलं पुरेनात म्हणून नकाशे जमिनीवर पसरलेत, आणि झाडांचा भाग बघणारा सहकारी त्यांच्यावरून उड्या मारत चहाला जातो. घाईत काहीतरी नजरेतून सुटेल या धास्तीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आलेत.

माझी आत्या तिथं राहते, हे मी पहिल्याच दिवशी आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी ते फाइलवर लिहून घेतलं. पाण्याचा भाग मी वाचायचा, सही त्या करणार, असं ठरलं.

आणि ऐक. अहवालातली बरीचशी पानं नुसती भरताड आहेत, पण नदीचं प्रकरण वाचून माझी मान ताठ झाली. पुराचं सगळं गणित तुझ्या नोंदींवर उभं आहे! एकतीस वर्षं रोज सकाळी सातला पुलाच्या खांबावरची पट्टी वाचायची, वहीत आकडा लिहायचा, एक रकाना रिकामा नाही. अहवाल बनवणाऱ्या कंपनीनं तळटीप देऊन कौतुक केलंय. मी ती तळटीप नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली.

लोभ आहेच, तो वाढवताना हात आखडता घेऊ नकोस.
तुझी,
टिचकी


१० जानेवारी

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. मला चांगलं ऐकू येतं, तूच पुटपुटतेस.

रस्त्याची बातमी वाचून बरं वाटलं. गाव डोळ्यांत प्राण आणून वाट बघतंय. गेल्या महिन्यात मास्तरांची सून वाटेत एका वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच बाळंत झाली, इस्पितळ अजून दोन तासांवर होतं. दोघी सुखरूप आहेत, पण मास्तर अजून त्या वळणाचं नाव काढलं की घाम पुसतात. तेव्हा तुमचे साठ दिवस लवकर संपोत.

माझी तब्येत ठीक. मांजरीनं पुन्हा कपाटात पिल्लं घातलीत, माझे लोकरीचे मोजे त्यांच्या अंथरुणात गेले.

एक सहज विचारते. अहवालात नोंदी कोणत्या वर्षांच्या घेतल्यात, सुरुवातीच्या की अलीकडच्या? आणि पुराची उंची किती धरली आहे? उलट टपाली कळव.

माया आहे तशीच असू दे.
आत्या


१५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सहज विचारलेलं कुणी उलट टपाली मागतं का? तुझ्या मनात काहीतरी आहे. असो, पिल्लांना माझा पापा.

नियम वीस वर्षांच्या नोंदी मागतो, म्हणून गेल्या वीस वर्षांच्याच घेतल्यात. सगळ्यात मोठा पूर तीन मीटर दहा. त्यावरून त्यांनी ठरवलंय की जुना पूल पाडायचा, नदीच्या पात्रात मातीचा उंच भराव घालायचा आणि पाणी जायला त्यातून चार मोठे पाइप टाकायचे. तीन दहाचं पाणी त्यातून जेमतेम निघून जातं. त्यामुळे वरच्या अंगाला असलेल्या तुमच्या खालच्या आळीत पाणी आजच्यापेक्षा बोटभरही जास्त चढणार नाही, असं अहवाल म्हणतो. मी आकडेमोड तपासली, ती बरोबर आहे.

सहा फेब्रुवारीला तुमच्या शाळेत जनसुनावणी आहे. तू नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बस.

प्रेमात खंड नसावा.
तुझी,
टिचकी


२० जानेवारी

चि. टिचकीस,
आशीर्वाद. हे पत्र तीनदा लिहिलं नि तीनदा फाडलं. आता हे पेटीत टाकूनच घरी येणार आहे.

बावीस वर्षांपूर्वीच्या पुरात एक ओंडका वाहत आला आणि त्यानं खांबावरची पट्टी उखडली. खात्याचा माणूस यायला महिना लागला असता. महिनाभर माझ्या वहीत रिकामे रकाने! ते मला सोसणार होतं का? मी लोहाराला बोलावलं आणि आम्ही दोघांनी पट्टी पुन्हा ठोकली. माप घेतलं सगळ्यात खालच्या दगडी पायरीपासून. पुढे गाळ वाहून गेला तेव्हा दिसलं की त्या पायरीच्या खाली आणखी दोन पायऱ्या आहेत. पट्टी चाळीस सेंटिमीटर वर बसली होती. म्हणजे तेव्हापासूनचा माझा प्रत्येक आकडा चाळीसनं कमी आहे.

हे कळलं त्याच आठवड्यात दहा वर्षं बिनचूक नोंदी ठेवल्याबद्दल खात्यानं माझा सत्कार केला. लोक टाळ्या वाजवत होते. म्हटलं, उद्या सांगू. मग पुढच्या महिन्यात सांगू. मग म्हटलं, तो आकडा वाचतंय कोण? बाई गं, आता त्यावर रस्ता बांधतायत.

खरा पूर साडेतीन मीटरचा आहे. तो तुमच्या चार पाइपांत मावणार नाही. पाणी भरावाला अडून मागे फुगेल आणि खालच्या आळीत माळ्यापर्यंत चढेल. तिथं सव्वीस घरं आहेत. मी गणित दोनदा केलं.

माझ्या नावाची मला पर्वा नाही असं खोटं कशाला लिहू? आहे, फार आहे. लाजेनं मान वर होत नाही. पण सव्वीस घरं बुडवून ते नाव मला नको. हे पत्र तुझ्या बाईंना दाखव. रस्ता अडला तर गावाची बोलणी मी खाईन.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लिहीत जा.
आत्या


२५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. खरं सांगते, मी रागावले. सबंध दुपार रागावलेली होते. लहानपणी माझ्या पाढ्यात एक चूक झाली तर तू मला पहिल्यापासून म्हणायला लावायचीस! मग तू पत्र फाडत बसली असशील ते डोळ्यांपुढे आलं आणि राग कुठच्या कुठे गेला.

पत्र मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा एकदा वाचलं. मग पाण्याचा भाग त्यांनी माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतला, ते योग्यच झालं. त्यांनी सांगितलं की नोंदी चुकीच्या निघाल्या तर फाइल परत जाते, नवी मोजणी करावी लागते, दोन-तीन वर्षं सहज जातात. पण चूक नेमकी किती आहे हे दुसऱ्या एखाद्या पुराव्यानं सिद्ध झालं, तर दुरुस्ती साठ दिवसांच्या आतच मान्य होते. तुझा शब्द पुरावा धरता येत नाही, कारण चूक तुझीच आहे. हे त्या म्हणाल्या हं, मी नाही.

आज चोविसावा दिवस. डोकं चालव, आत्या. तुझ्या वहीखेरीज पुराची उंची आणखी कुणी, कशावर तरी मोजून ठेवली आहे का? सुनावणीला कंपनीचा इंजिनिअर मोजणीचं यंत्र घेऊन येणार आहे, त्याच्यापुढे ठेवायला काहीतरी हवं.

तू माझी आहेस, त्यात कुठलीही दुरुस्ती नाही.
टिचकी


९ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
आशीर्वाद मागाहून, आधी बातमी. जिंकलो!

तुझं पत्र हातात घेऊन मी थेट खालच्या आळीत गेले. तिथं दाराच्या चौकटीवर दर पुराची रेघ कोरलेली असते, शेजारी साल. पुढच्या वेळी खाटा किती उंच चढवायच्या ते कळावं म्हणून. इतकी वर्षं त्या दारांवरून जाताना मी मान वळवून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर माझ्या वहीशी जुळलं नसतं, हे मला ठाऊक होतं.

सुनावणीला शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, सत्कारासकट. मागून कुणीतरी म्हणालं की म्हातारीनं ऐनवेळी रस्त्यात खोडा घातला. म्हातारी कोण, ते मी त्याला नंतर विचारणार आहे. मग खालच्या आळीतली शिंपीण उठली. ती म्हणाली की पुराचं पाणी मी चावडीच्या फळ्यावर लिहायचे त्या आकड्यापेक्षा तिच्या घरात नेहमीच जास्त चढायचं. पण आकडा सरकारी, तेव्हा आपलंच घर खचलं असणार, असं ती धरून चालली होती! सगळी शाळा हसली आणि मी पण हसले. मग मला फार वाईट वाटलं.

इंजिनिअर तरुण आहे. सुरुवातीला त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. पण दोन दिवस तो यंत्र घेऊन दारोदार फिरला. अकरा घरांतल्या रेघा मोजल्या. प्रत्येक रेघ माझ्या वहीपेक्षा अडतीस ते बेचाळीस सेंटिमीटर वर निघाली. आणि दोन रेघा पट्टी उखडण्याच्या आधीच्या होत्या, त्या माझ्या जुन्या वह्यांशी बोटाबोटानं जुळल्या! त्यानं पुन्हा एकदा मोजून पाहिलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, भराव घातल्यावर हे कळलं असतं तर या आळीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. शिंपिणीनं त्याला चहा दिला, आणि मलाही दिला.

कागद त्यानं काल तुमच्याकडे पाठवले. आता पुढचं तुम्ही बघा, आणि झटपट बघा.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
आत्या


२८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शंभर नमस्कार! सत्तावन्नाव्या दिवशी, म्हणजे काल दुपारी चार वाजता, मोठ्या बाईंनी मंजुरीवर सही केली. भराव रद्द, पाइप रद्द. नदीवर पाच गाळ्यांचा उंच पूल होणार. जुन्या पुलाचे जाडजूड खांब मुळापासून काढायचे, म्हणजे ओंडके तुंबून पाणी फुगणंही थांबेल. इंजिनिअरनं नवा आराखडा पंधरा दिवसांत करून दिला. त्याचे डोळे तांबारले होते, पण गडी खुशीत होता.

ऑफिसात काय जल्लोष झाला म्हणून सांगू! झाडांवाला सहकारी नकाशांवर नाचला आणि एक नकाशा फाटला. मोठ्या बाई कधी हसत नाहीत, त्या हसल्या. त्या म्हणाल्या की तीन-तीन वर्षं चाललेल्या तपासण्यांतही अशी चूक कधी हाती लागली नव्हती, कारण काठावरच्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. आता पुढच्या प्रत्येक फाइलला एक पान वाढलंय. त्यावर लिहायचं की पूर कुठवर येतो हे कोणकोणत्या घरी जाऊन विचारलं.

आणि वीस वर्षांचा तक्ता दुरुस्त होऊन छापला जातोय. खाली ओळ असेल की ही चूक नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी स्वतःच निदर्शनास आणली. तुला आवडेल की नाही, या विचारानं मी घाबरले होते. पण मला विचारशील, तर त्या सगळ्या तक्त्यात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याच ओळीचा आहे.

तुझीच, आणि तुझ्यावर गेलेली,
टिचकी


तीन वर्षांनी, १९ ऑगस्ट

चि. टिचकीस,
भरपूर आशीर्वाद. निवृत्त झाले तरी सातला पट्टी वाचायची सवय काही जात नाही; आता ती नव्या पुलाच्या खांबावर नीट मोजून बसवलेली आहे. काल सकाळी तीन बारा होतं. दुपारी दोनला तीन अठ्ठावन्न! एवढा पूर मी जन्मात पाहिला नव्हता.

छत्री उलटी झाली, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, पण आकडा घेतला. इंजिनिअर मुद्दाम आला होता, त्यानंही शेजारी उभं राहून घेतला. दोघांचा एकच आला. पाचही गाळ्यांतून पाणी नुसतं सुसाट पळत होतं. जुने खांब नसल्यानं एकही ओंडका तुंबला नाही, आणि खालच्या आळीत ते पायऱ्यांपाशी येऊन थांबलं. एका घराचाही उंबरा भिजला नाही.

तेवढ्यात पुलावरून रुग्णवाहिका गेली. पोस्टमनच्या छातीत कळ आली होती. पूर्वी याहून लहान पुरातही पूल चार दिवस बंद असायचा, कुणी काही करू शकलं नसतं. काल पस्तीस मिनिटांत तो इस्पितळात पोचला. मघाशीच निरोप आला की चहा दिला नाही म्हणून तो तिथल्या लोकांशी भांडतोय.

वरून गाडी गेली, खालून पाणी गेलं, आणि मी कठडा धरून मधे उभी. मला रडू आलं. इंजिनिअर बघत होता तरी मी ते आवरलं नाही. टिचके, इतकी वर्षं पूर आला की मी घाबरायचे. आळीसाठी नाही गं, पाण्याबरोबर आपली चूक वर येईल म्हणून. काल पहिल्यांदा मी नुसती नदी बघत उभी राहिले. केवढी सुंदर दिसते ती!

सुट्टी काढ आणि ये. आता गाडी थेट दारापर्यंत येते.
तुझी,
आत्या